वाचकांचे प्रश्न : स्नायूच्या पेशीला ‘आता थांब’ कोण सांगतं?

या वेळच्या पत्रांत स्नायूंवरचेच प्रश्न जास्त आलेत, आणि सांगली-सातारा म्हटल्यावर त्यात नवल नाही, तालीम नाही असं गाव आपल्याकडं शोधावं लागतं. त्यातले पाच घेतलेत. पहिला जरा अभ्यासाचा आहे पण तो नीट समजला की पुढचे चारही सोपे जातात, म्हणून त्याला जागा जास्त दिलीय.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगलीत शिकते, घर तासगावकडं, आमची द्राक्षबाग आहे. पुस्तकात लिहिलंय की मायो-डी नावाचं प्रोटीन पेशीला स्नायू बनवतं. पण पुढच्याच पानावर असंय की मायोब्लास्ट म्हणजे स्नायूच्या कच्च्या पेशी नुसत्या विभागत असतात तेव्हापासूनच त्यांच्यात मायो-डी असतं. मग त्या लगेच स्नायू का बनत नाहीत? सरांना विचारलं तर ते म्हणाले ‘रेग्युलेशन’. म्हणजे नक्की काय?

प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. सरांचं उत्तर बरोबरच आहे पण एका शब्दात भागत नाही, तर सविस्तर बघू.

१९८७ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन सेंटरमध्ये डेव्हिस, वाइनट्रॉब आणि लासर या तिघांनी मायो-डीचं जनुक उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये, म्हणजे ज्यांचा स्नायूशी काही संबंध नाही अशा साध्या पेशींमध्ये घातलं आणि त्या पेशी चक्क स्नायूच्या बनायला लागल्या. तेव्हापासून मायो-डी म्हणजेच सगळं काही असं डोक्यात बसलंय. पण प्रोटीन पेशीत असणं वेगळं आणि ते कामाला लागणं वेगळं, आणि तुझा सगळा प्रश्न या दोन गोष्टींच्या मधेच आहे.

मायो-डी एकटं डीएनएला घट्ट धरू शकत नाही, त्याला ई-१२ किंवा ई-४७ नावाच्या प्रोटीनचा जोडीदार लागतो. विभागणाऱ्या पेशीत आयडी नावाचं आणखी एक प्रोटीन भरपूर असतं, हे १९९० ला सापडलं, आणि ते या ई प्रोटीनला आधीच पकडून ठेवतं. आयडीकडं डीएनए धरायचा भागच नसतो, त्यामुळं जोडी जमते पण काम होत नाही. हा झाला एक अडसर. दुसरा असा की बाहेरून एफजीएफसारखे ग्रोथ फॅक्टर म्हणजे वाढीचे सिग्नल येत असतात, ते पेशीच्या कातडीवरच्या रिसेप्टरला लागतात, तिथून रास, राफ, मेक आणि ईआरके अशी प्रोटीनं एकामागून एक जागी होतात आणि शेवटी सायक्लिन डी-१ तयार होतं, जे पेशीला विभागायला लावतं आणि मायो-डीलाही दाबून ठेवतं. आणि तिसरा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे मायो-डी टिकतच नाही. त्याच्या साखळीतल्या २०० नंबरच्या सेरीन या अमिनो ॲसिडवर फॉस्फेट लागला की त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का बसतो आणि प्रोटिअसोम म्हणजे पेशीतल्या प्रोटीन मोडायच्या यंत्रात त्याचे तुकडे होतात, तासाभरात निम्मं संपलेलं असतं. म्हणजे पेशी मायो-डी बनवतेय आणि त्याच वेळी मोडतेय पण. वरवर बघणाऱ्याला वाटतं उगाच वाया घालवतेय, पण ज्या गोष्टीचं प्रमाण पटकन बदलायची तयारी ठेवायची असते ती अशी सतत बनती-मोडतीच ठेवावी लागते.

आता तुझ्या घरच्या बागेचंच बघ. एप्रिल छाटणीनंतर काडी नुसती पळत सुटली, वेल माजली, तर डोळ्यात घड धरत नाही, म्हणून घरचे शेंडा मारतात, पाणी कमी करतात, लिहोसिन फवारतात. वाढ रोखली की त्याच डोळ्यात घडनिर्मिती सुरू होते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तो घड बाहेर दिसतो. मायोब्लास्टचं डिट्टो असंच आहे, विभागणं आणि स्नायू बनणं ही दोन कामं एका वेळी चालत नाहीत, आधीचं थांबवल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही.

लॅबमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. सी-२-सी-१२ नावाच्या उंदराच्या मायोब्लास्ट पेशी जगभर वापरतात, त्यांचा मूळ वंश इस्रायलमध्ये याफे आणि सॅक्सेल यांनी १९७७ ला वेगळा केला. डिशमध्ये भरपूर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव, घातलेलं माध्यम असलं की या पेशी टोकदार, सुट्या सुट्या, वाढत राहतात. डिश भरत आली की ते माध्यम काढून २ टक्के घोड्याचं सीरम असलेलं माध्यम घालतात, म्हणजे ग्रोथ फॅक्टर एकदम कमी. दुसऱ्या दिवशी बघावं तर पेशी एका दिशेनं लांब व्हायला लागलेल्या, मग एकमेकींना चिकटून रांगा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या मधले पडदे जाऊन लांबच लांब नळ्या झालेल्या, एकेका नळीत कितीतरी केंद्रकं ओळीनं. कधी कधी मायक्रोस्कोपखाली एखादी नळी आपली आपण आखडते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळा काढवेना, ना नस ना मेंदू, डिशमधला एक धागा आणि तो हलतोय.

आता याच पेशी रोज थोड्या काढून, फोडून त्यांतली प्रोटीनं जेलवर पळवायची आणि अँटिबॉडीनं बघायची, त्याला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात, तुमच्या सिलॅबसमध्ये असेलच. मायोजेनिन नावाच्या प्रोटीनची पट्टी सीरम काढायच्या आधी जवळजवळ नसते आणि एक-दोन दिवसांत ठळक दिसते, म्हणजे हे प्रोटीन नवीन बनलं. पण पी-३८ नावाच्या किनेझचं, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमचं बघ, एकूण पी-३८ ची पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत साधारण तेवढीच, आणि फक्त फॉस्फेट लागलेलं पी-३८ ओळखणारी अँटिबॉडी लावली तर ती पट्टी गडद होत जाते. प्रोटीन तेच, तेवढंच, पण आता जागं झालंय, आणि जागं झालेलं पी-३८ मग ई-४७ ला आणि मेफ-२ ला फॉस्फेट लावतं आणि मायो-डीची जोडी पक्की होते. सर ‘रेग्युलेशन’ म्हणाले ते हेच, प्रोटीन किती बनतंय, किती मोडतंय, त्याच्यावर फॉस्फेट आहे का नाही आणि ते कुणाला धरून बसलंय, हे सगळं एकत्र.

फॉस्फेट लावणं-काढणं हा प्रकार मुळात सापडला तोही स्नायूतच बरं का, सशाच्या. एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की ग्लायकोजेन फोडणारं एन्झाइम एक फॉस्फेट लागला की सुरू होतं आणि तो काढला की मंदावतं, त्याला १९९२ चं नोबेल मिळालं.

अजून दोन गोष्टी, परीक्षेत कुणी विचारणार नाही पण तुला आवडतील म्हणून सांगतो. इन्सुलिनसारखा ग्रोथ फॅक्टर म्हणजे आयजीएफ हा मायोब्लास्टला आधी विभागायला लावतो आणि नंतर स्नायू बनायलाही मदत करतो, एकच सिग्नल आणि कामं दोन, कारण सुरुवातीला तो ईआरकेच्या वाटेनं जातो आणि नंतर पीआय-३ किनेझ आणि एकेटीच्या वाटेनं. सीरम काढल्यावर या पेशी स्वतःच आयजीएफ-२ बनवून स्वतःलाच देतात. आणि दुसरं, डिशमधल्या सगळ्याच पेशी नळीत मिसळत नाहीत, काही तशाच बाजूला शांत बसून राहतात, मायो-डी खाली आणून. शरीरातही असंच असतं, त्यांना सॅटेलाइट सेल म्हणतात, १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या पहिल्यांदा दाखवल्या. पुढच्या उत्तरांत त्या सारख्या येणार आहेत.

प्रश्न : मी पलूसकडचा, तालमीत जातो. आमच्यातला एकजण ‘मायोस्टॅटिन ब्लॉकर’ लिहिलेला डबा घेऊन आलाय, डब्यावर त्या बेल्जियमच्या डबल मसल बैलाचा फोटो आहे. हे घेतलं तर तसे मसल होतात का? किंमत जबरी आहे.

पैलवान, डब्यावरचा बैल खरा आहे, डब्यातला दावा खोटा आहे.

मायोस्टॅटिन हे स्नायूला ‘बास आता’ म्हणणारं प्रोटीन. १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत मॅक्फेरॉन आणि से-जिन ली यांच्या टीमनं त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर केले, त्यांचे एकेक स्नायू दुपटी-तिपटीनं मोठे झाले. बेल्जियन ब्लू गुरांत याच जनुकातली ११ अक्षरं जन्मतःच गळालेली असतात म्हणून ती तशी दिसतात. म्हणजे ती जनावरं पोटात असल्यापासून तशी आहेत, कुणी पावडर खाऊन झालेली नाहीत.

आता शरीर या मायोस्टॅटिनवरच किती पहारे ठेवतं बघा. ते आधी लांब साखळीत बनतं, मग कापलं जातं, पण कापल्यावरही त्याचाच पुढचा तुकडा त्याला मिठी मारून झोपवून ठेवतो, तो तुकडा दुसऱ्या एन्झाइमनं कापला तरच ते मोकळं होतं. मोकळं झाल्यावरही फॉलिस्टॅटिन नावाचं प्रोटीन त्याला वाटेत धरू शकतं. त्यातून सुटलं तर ते ॲक्टिव्हिन रिसेप्टरला लागतं, आत स्मॅड-२ आणि स्मॅड-३ ही प्रोटीनं जागी होतात आणि मायो-डी खाली येतं, आणि ते फार झालं की स्मॅड-७ येऊन पुन्हा तेही आवरतं. इतक्या बारकाईनं सांभाळलेल्या यंत्रणेत डब्यातली पावडर कुठं आणि कशी घुसणार? त्यात फॉलिस्टॅटिन असल्याचं लिहिलं असलं तरी ते प्रोटीनच आहे, पोटात गेलं की बाकी कुठल्याही प्रोटीनसारखं पचून त्याची अमिनो ॲसिडं होतात, स्नायूपर्यंत ते त्या रूपात पोचतच नाही.

दुसरं, मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांचा स्नायू जेवढा मोठा दिसतो तेवढं बळ त्याच्यात नसतं, हे मोजून बघितलेलं आहे. बेल्जियन ब्लू गायींना तर वासरू इतकं मोठं असतं की बऱ्याचदा सिझर करावं लागतं. कुस्तीत आपल्याला आकार हवाय का ताकद आणि दम हवाय?

आणि तिसरं मी कळकळीनं सांगतो, अशा अनोळखी डब्यांत न लिहिलेलं स्टेरॉइड असू शकतं, हे जगभर पकडलं गेलंय. लिव्हर जातं, हृदयावर ताण येतो, कोवळ्या पोरांची उंची खुंटते, शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं. मायोस्टॅटिन अडवणारी खरी औषधंसुद्धा वाडा (WADA) या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत, सॅम्पलमध्ये काही सापडलं तर कुस्तीची वर्षं जातात. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, कुठल्या डब्यावर नाही आणलं.

जोर-बैठका, मातीतली लढत आणि खुराक याचा सिग्नल खराखुरा स्नायूपर्यंत जातो. ताण पडला की आणि खाण्यातलं ल्युसीन नावाचं अमिनो ॲसिड पोचलं की एमटॉर नावाचं प्रोटीन जागं होतं आणि नवीन प्रोटीन बांधायचं काम जोरदार मेहनतीनंतर दिवसभर, कधी त्याहून जास्त वाढलेलं राहतं. दूध, अंडी, डाळी, पनीर, मटण जे परवडेल ते, वजनाच्या किलोमागं दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन दिवसाला पुष्कळ झालं. त्या डब्याच्या पैशात महिनाभर दूध येईल. आणि वस्तादांना डबा दाखवा, लपवू नका.

प्रश्न : विट्याजवळ आमचं पोल्ट्रीचं शेड आहे, ब्रॉयलर. लोक म्हणतात इंजेक्शन देऊन ४० दिवसांत पक्षी फुगवता. आम्ही तर काही देत नाही. मग एवढं मांस इतक्या लवकर येतं कुठून?

दादा, लोकांना सांगा की वाढीचं हार्मोन इंजेक्शननं द्यायचं तर शेडमधल्या प्रत्येक पक्ष्याला पुन्हा पुन्हा टोचावं लागेल, ते कुणाला परवडेल? वाढ आलीय ती कितीतरी पिढ्या निवड करून केलेल्या जातीतून, आणि खाद्यातून.

पण मांसाची सुरुवात अंड्यातच होते. उबवणीच्या दुसऱ्या दिवसापासून पिल्लाच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना गाठींच्या जोड्या दिसायला लागतात, त्यांना सोमाइट म्हणतात, आणि साधारण दर ९० मिनिटांनी एक नवीन जोडी तयार होते. शेजारच्या मज्जारज्जूच्या नळीतून आणि तिच्या खालच्या दांड्यातून (नोटोकॉर्ड) डब्ल्यूएनटी आणि सॉनिक हेजहॉग हे सिग्नल येतात आणि त्यावर या गाठींतल्या काही पेशी स्नायूची वाट धरतात. पंख आणि पायाचा स्नायू तर तिथं जागेवर बनतच नाही, गाठीतल्या पेशी सुटून चालत तिथवर जातात, एचजीएफ नावाचा सिग्नल त्यांना सोडवतो. हे शोधायला शास्त्रज्ञांनी बटेराची गाठ कोंबडीच्या गर्भात बसवली, बटेराच्या पेशीचं केंद्रक मायक्रोस्कोपखाली वेगळं ओळखू येतं, आणि पंखाच्या स्नायूत बटेराच्याच पेशी सापडल्या.

तुमच्या कामाचं असं की अंड्यातून बाहेर येईपर्यंत स्नायूच्या धाग्यांची संख्या जवळपास ठरून गेलेली असते, नंतर धागे वाढत नाहीत, जाड होतात. जाड व्हायला सॅटेलाइट सेल विभागून त्या धाग्यांत मिसळाव्या लागतात, आणि त्या सगळ्यात जास्त विभागतात पहिल्या आठवड्यात. त्याच वेळी पिल्लू दोन दिवस उपाशी राहिलं तर सॅटेलाइट सेल कमी वाढतात आणि पुढं छातीचं मांस कमी भरतं, हे प्रयोगांत दिसलंय. म्हणून हॅचरीतून पिल्लं आली की पाणी आणि खाद्य लगेच, आणि ब्रूडिंगचं तापमान सांभाळणं, याच्यात कंटाळा करू नका. नंतर कितीही भारी फिनिशर म्हणजे शेवटच्या टप्प्याचं खाद्य घातलं तरी तो आठवडा भरून येत नाही. फार वेगानं वाढणाऱ्या जातींत छातीचं मांस लाकडासारखं कडक निघायचा प्रकारही होतो, त्याला वुडी ब्रेस्ट म्हणतात, वेगाची ती किंमत आहे.

प्रश्न : कोरेगावहून लिहितेय. भाच्याला, वय ६, डॉक्टरांनी डुशेन, म्हणजे स्नायू झिजत जायचा आजार, सांगितलंय. पोटऱ्या तर चांगल्या भरलेल्या दिसतात पण उठताना मांडीवर हात टेकतो, जिना चढवत नाही. स्नायू वाढवायचं एखादं प्रोटीन देता येणार नाही का? त्याच्या आईची हालत बघवत नाही.

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. खरं तेच सांगतो.

पोटऱ्या भरलेल्या दिसतात पण त्यात स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरत चाललेले असतात. या आजारात डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन बनत नाही, ते स्नायूच्या धाग्याच्या पडद्याला आतून आधार देतं, ते नसलं की रोजच्या हालचालीनंच पडदा फाटतो, कॅल्शियम आत शिरतं, आतलं सीके नावाचं एन्झाइम रक्तात येतं, म्हणूनच रिपोर्टमध्ये सीकेचा आकडा हजारांत असतो. सॅटेलाइट सेल सारखी दुरुस्ती करतात पण दुरुस्त केलेला धागाही डिस्ट्रोफिन नसलेलाच, तो पुन्हा फाटतो. हळूहळू टीजीएफ-बीटाचा सिग्नल वाढत जातो, आणि तो पेशींना स्नायू बनायचं सोडून तंतू बनवायला लावतो.

मायोस्टॅटिन अडवून स्नायू वाढवायचा प्रयत्न या मुलांवर रीतसर झाला, एका मोठ्या कंपनीची चाचणी २०१८ मध्ये उपयोग होत नाही म्हणून थांबवली. पडदाच कच्चा असेल तर धागा मोठा करून भागत नाही. म्हणून कुणी पावडर, इंजेक्शन, परदेशी थेरपी म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

ज्याचा उपयोग होतो ते हे: जनुकाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, कारण डिस्ट्रोफिनच्या जनुकातल्या ७९ एक्झॉनपैकी म्हणजे तुकड्यांपैकी नेमका कुठला गेलाय त्यावर काही उपचार अवलंबून असतात. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकोर्ट ही स्टेरॉइडं डॉक्टर सांगतील त्या मापात दिली तर चालणं काही वर्षं जास्त टिकतं, तालमीतली स्टेरॉइडं वेगळी आणि ही वेगळी, घाबरून मधेच बंद करू नका, अचानक बंद केली तर धोका असतो. हृदयाचा इको ठरल्याप्रमाणं. टाच आखडू नये म्हणून रोज पाय ताणायचे, पण दमवणारा व्यायाम नको, जिने चढायची सक्ती नको, शाळेत सांगून वर्ग खाली घ्या. आणि आईची, मावशांची म्हणजे तुमचीही कॅरियर तपासणी, म्हणजे बिघडलेलं जनुक आपल्यात आहे का ते बघणं, कारण हा आजार एक्स क्रोमोसोमवरून येतो. काही मुलांत तो नव्यानंच झालेला असतो, त्यामुळं आईनं स्वतःला दोष देत बसू नये, हे तिला तुम्हीच सांगा, डॉक्टरांपेक्षा तुमचं ऐकेल.

प्रश्न : वाईचा आहे, वय ६७. पायाचं प्लास्टर दीड महिन्यानं काढलं तर पोटरी निम्मी झालेली. इतक्या लवकर?

काका, हो, स्नायू बांधायला महिने लागतात आणि उतरायला आठवडे पुरतात. पाय हलत नाही म्हटल्यावर एकेटीचा सिग्नल मंदावतो, एकेटी एरवी फॉक्सओ नावाच्या प्रोटीनला फॉस्फेट लावून केंद्रकाबाहेर ठेवतं, ते सुटून आत जातं आणि ॲट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही दोन जनुकं सुरू करतं. २००१ मध्ये सापडलेली ही दोन प्रोटीनं स्नायूतल्या प्रोटीनांवर तोच युबिक्विटिनचा शिक्का मारतात जो वर मायो-डीवर बघितला. धागे मरत नाहीत, बारीक होतात, म्हणून पोटरी परत येते. फिजिओथेरपिस्टला विचारून आधी बसल्या बसल्या टाच उचलणं, मग उभं राहून, मग वजन, असं चढत जा. जेवणात प्रत्येक वेळी डाळ, दूध किंवा अंडं असू द्या, तुमच्या वयात तोच सिग्नल जागा व्हायला प्रोटीन तरुणांपेक्षा जास्त लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.